न्यूझीलंडले पाच-सहा महिने राहायचं असन तर गाडी भाड्यानं घ्यावी का जुनी विकत? आमचा अनुभव

सरळ सांगतो. पोरीच्या बाळंतपणासाठी म्हणा, पोराकडे म्हणा, न्यूझीलंडले चार-सहा महिन्यांसाठी जाऊन राहिले असान आणि राहणं शहरात नसून शेताकडे असन, तर भाड्याची गाडी महिन्याच्या वर ठेवू नका, जुनी गाडी विकत घ्या. आमच्या दारव्हा तालुक्यातली पोरं आता तिकडे डेअरीच्या कामावर जाऊन राहिली, त्यांचे मायबाप फोन करून हेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आमचे जावई वायकाटो भागात मॉरिन्सव्हिलच्या बाजूला एका फार्मवर आहेत. पहाटे चारला दूध काढायला निघून जातात आणि घरची एकच गाडी, ती त्यांच्यासोबत. हॅमिल्टन अर्ध्या तासावर, पण घरापासून मेन रोडपर्यंतच पायी जायला गंज वेळ लागते, एसटी नाही, ऑटो नाही, काळीपिवळी नाही, हात दाखवला तर थांबेल असं काहीच नाही. पोरगी दिवस भरत आलेली, दवाखाना हॅमिल्टनला. आमच्या घरचे रोज म्हणायचे, "रात्री बेरात्री काही झालं तं आपण काय करावं इथं?" त्यामुळं गाडी पाहिजेच होती, प्रश्न फक्त कशी घ्यायची हा होता.

पहिले भाड्यानं घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. इन्शुरन्स धरून रोजचे ४५ डॉलर पडत होते, म्हणजे आपले सव्वादोन हजाराच्या आसपास. दोन आठवड्यासाठी हे ठीक आहे, गाडी चांगली होती, बंद पडली तर दुसरी देतात, सर्व्हिसिंगचं टेन्शन नाही. पण कागद नीट वाचला की समजते. काही झालं तर पहिले इतके हजार तुमच्या खिशातून, याला तिकडे एक्सेस म्हणतात, आणि तेवढी रक्कम आधीच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. दुसरा माणूस चालवणार तर त्याचे वेगळे. लहान पोराच्या सीटचे रोजचे वेगळे. मुरमाच्या रोडवर गाडी नेली आणि नुकसान झालं तर त्यातलं काय कव्हर होते आणि काय नाही, हे बारीक अक्षरात. आता फार्मवर जायचा रोडच मुरमाचा, तर माणसानं काय करावं? समोरच्या टँकरच्या चाकातून गिट्टी उडून काचेवर चवन्नीएवढा डाग पडला, त्याचे पैसे कापले. वरून डिसेंबर लागला. तिकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्ट्या, सगळं जग फिरायला येते, आणि आम्ही तारीख वाढवून मागितली तर रेट जवळपास दुप्पट सांगितला. त्या दिवशी जावयांना म्हटलं, आता बस, विकतच पाहू.

तिकडे जुन्या गाड्या ट्रेड मी नावाच्या साइटवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर पडलेल्या असतात, डीलर वेगळे, लिलाव वेगळे. आम्ही २००७ ची टोयोटा विट्झ घेतली, १.३ इंजिन, ऑटोमॅटिक, एक लाख साठ हजारावर चाललेली. एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. ४,२०० सांगितले, ३,८०० डॉलरला दिली. न्यूझीलंडमधल्या अशा कितीतरी गाड्या जपानमध्ये वापरून मग तिकडे आणलेल्या असतात आणि ते आत बसल्या बसल्या दिसते. रेडिओ जपानचा, तो ९० च्या वरचं स्टेशन पकडतच नाही आणि तिकडची बरीच स्टेशनं १०८ पर्यंत, मग बाहेरून एक लहानसा डबा लावावा लागते. चाबी फिरवली की जपानी टोलचं मशीन बाईच्या आवाजात काहीतरी सांगते, आमच्या घरचे रोज तिला "हो बाई" म्हणत. स्पीडोमीटर स्टिअरिंगच्या मागं नाही, डॅशबोर्डच्या मधात. दोन दिवसात सवय होते. गाडी डाव्या बाजूनंच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळं आपल्या माणसाला जड जात नाही. इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन वर्षभरापर्यंत तर आरामात चालते. फक्त गावाबाहेर लिमिट १०० ची आणि रोड अरुंद, आणि एका गाडीचे पूल खूप, तिथल्या पाटीवर तुमच्या जायच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असन तर थांबायचं तुम्ही. हे पहिल्याच दिवशी जावयांकडून शिकून घ्या.

आता खरं महत्त्वाचं, गाडी पाहताना काय पाहायचं.

पहिली गोष्ट वॉरंट ऑफ फिटनेस. ब्रेक, टायर, लाइट, पट्टे, गंज, सगळं तपासून हे देतात आणि काचेवर स्टिकर लागते. आमच्या गाडीच्या वयाला ते वर्षातून एकदा. विकणाऱ्यानं गाडी देताना हे वॉरंट महिनाभराच्या आतलं द्यावं असा तिकडचा नियम आहे, फक्त तुम्ही लिहून दिलं की मले जशी आहे तशी चालते तरच सूट. तसं लिहून देऊ नका. स्वस्त गाडी त्याच नावाखाली खपवतात आणि मग खालचा पत्रा सडलेला निघाला की वेल्डिंगमध्ये गाडीच्या किमतीएवढे जातात. समुद्राकडच्या गाडीत गंज जास्त, दार उघडून खालची कडा आणि डिक्कीतला गालिचा उचलून पाहाच.

दुसरी, गाडीवर कर्ज आहे का. आपण वावर घेताना सातबाऱ्यावर बोजा पाहतो तसंच हे. पीपीएसआर नावाचं सरकारी रजिस्टर आहे, नंबर टाकला की दिसते. घरगुती माणसाकडून घेतली आणि कर्ज बाकी निघालं तर फायनान्सवाला तुमच्या दारातून गाडी उचलून नेऊ शकते, पैसे तुमचे बुडाले. लायसन असलेल्या डीलरकडून घेतली तर यात संरक्षण आहे, म्हणून तिथं गाडी थोडी महाग.

तिसरी, रेगो म्हणजे तिकडचा गाडीचा टॅक्स. तो थकलेला असन तर नवीन मालकाच्या डोक्यावर येते. डिझेल गाडी तर घेऊच नका, त्यात हजार-हजार किलोमीटरचा वेगळा रोड टॅक्स आधी विकत घ्यावा लागते आणि तोही मागचा थकलेला निघू शकते. पेट्रोलमध्ये हा पैसा पंपावरच कापला जाते, भानगड नाही.

चौथी, टायमिंग बेल्ट का चेन, म्हणजे इंजिनाचे भाग ताळमेळानं फिरवणारा रबरी पट्टा आहे का लोखंडी साखळी. विट्झला चेन आहे म्हणून निवांत होतो. बेल्टवाली असन आणि लाखभर किलोमीटर होत आले असन तर बेल्ट बदलल्याची पावती मागा, पावती नसन तर बदलला नाही असंच धरा. ज्याला गाडीतलं समजत नाही त्यानं ए.ए. म्हणजे तिकडच्या गाडीवाल्यांच्या संघटनेकडून तपासणी करून घ्यावी, पैसे लागतात पण रिपोर्ट हातात येते, आणि त्या रिपोर्टवरच आमचे चारशे कमी झाले. पुढचे दोन टायर घासलेले आहेत असं त्यांनी मापासकट लिहून दिलं होतं, तिकडे दीड मिलिमीटरच्या खाली नक्षी चालत नाही.

नावावर करायला मात्र जीव सुखावला. आपल्याकडे यवतमाळला जुनी गाडी घेतली की २९ नंबर, ३० नंबर, एजंट, आज साहेब नाही, उद्या या. तिकडे काउंटरवर एमआर१३बी नावाचा एक फॉर्म, पासपोर्ट, राहण्याचा पत्ता, किरकोळ फी, आणि आमच्या नंतर रांगेत लागलेला माणूस बाहेर पडायच्या आत गाडी माझ्या नावावर. नंबर प्लेट तीच राहते.

इन्शुरन्स तिकडे सक्तीचा नाही. माणसाला इजा झाली तर एसीसी नावाची सरकारी योजना आहे, १९७४ पासून, ती पाहुण्याच्या इजेचाही इलाज करते. पण तुम्ही कोणाच्या महागड्या गाडीला ठोकलं तर ते तुम्हीच भरायचं, म्हणून थर्ड पार्टी घ्याच घ्या, आणि लायसन भारताचं आहे हे आधीच सांगा.

हिशोब असा बसला. गाडी ३,८००, तपासणी-रेगो-इन्शुरन्स-दोन टायर मिळून सातशे. विकली २,९०० ला. म्हणजे गेले १,६०० डॉलर, आपले ऐंशी हजाराच्या घरात. पाच महिने भाड्याचीच ठेवली असती तर भाडं ४५ च्या हिशोबानंही साडेतीन लाखाच्या आसपास जात होतं, डिसेंबरचा रेट वेगळाच. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच. पण मले पैशापेक्षा मोठं हे वाटते की नातवाची सीट एकदा घट्ट बसवली ती बसवली. तिकडे सात वर्षांखालच्या पोराला सीट कायद्यानं लागतेच, आणि मागं तोंड करून बसवायची ती सीट दरवेळी काढ-घाल करणं म्हणजे ओल्या बाळंतिणीचे हाल. पोरीला कळा रात्री सुरू झाल्या, जावई फार्मवर होते, आणि आम्ही कोणाले फोन न लावता गाडी काढून निघालो.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. महिना-दीड महिन्यासाठी जाणार असान तर भाड्याचीच बरी. ऑकलंड शहरात रेल्वे-बसच्या बाजूला राहणार असान तरी नको. आणि शेवटचे दोन-तीन आठवडे रिकामे नसतील तर अजिबात नको, कारण घाईत विकणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखते आणि एप्रिल-मेमध्ये थंडी लागायच्या आधी फिरायला आलेली पोरं आपापल्या गाड्या काढतात, तेव्हा भाव पडतो. आम्ही मार्चच्या सुरुवातीलाच जाहिरात टाकली, नवीन वॉरंट काढून, गाडी धुऊन, सगळ्या पावत्यांचे फोटो लावून. घेणाऱ्यानं नावावर केली तरी विकणाऱ्यानंही आपल्याकडून ऑनलाइन कळवावं लागते, ते विमानतळावर जायच्या आधी करा, नाहीतर त्याचे टोल आणि फोटोवाले दंड तुमच्या नावानं जावयाच्या पत्त्यावर येत राहतील.