साडेसात हजाराचा प्रोजेक्टर, नाताळाचे भुतं अन् आमचा गोठा

पैलेच सांगून देतो, हा प्रोजेक्टर मी हॉलमधी सोफ्यावर बसून पाह्याले घेतला नाई. शेतातल्या गोठ्याच्या भितीवर पिक्चर पाह्याचे म्हणून घेतला, अन् पिक्चर बी कोनते तं सणावाराचे हॉरर, हॅलोविनचे (३१ ऑक्टोबरचा तिकडचा भुताखेताचा सण), नाताळाचे, ज्यात सांताक्लॉजच कुऱ्हाड घेऊन येते असले. हा नाद आमाले मास्तरनं लावला. अन् डिसेंबरात आमच्याकडं (आर्वी तालुका, वर्धा जिल्हा) तसंही रात्री झोपाले भेटत नाई, हरभऱ्याले पाणी द्याचं तं थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रातची, वरून रोही (नीलगाय) अन् रानडुकरं, म्हणून जागलीले जा लागतेच, मंग मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनमधी सहा जनं मुंडकी खुपसून बसण्यापरिस भितीवर मोठं काहून पाहू नाई, असा सीधा हिशोब होता.

७,४९९ रुपयाले पडला, ऑनलाईन. कंपनीचं नाव घेत नाई, तसंही असले डब्बे सगळे एकाच साच्यातून निघाल्यावानी दिसतात, वरचा स्टिकर तेवढा बदलते. कुरिअरवाला गावात आलाच नाई, "आर्वीले या अन् घेऊन जा" म्हणे, गेलो. डब्ब्यावर भल्ल्या मोठ्या अक्षरात ४के लिहून होतं. तर भाऊहो, पैला धडा हाच की "४के सपोर्ट" म्हणजे ४के नाई. त्याचा अर्थ एवढाच की ४केची फाईल देली तं तो नाई म्हणत नाई, आत घेते अन् आपल्या औकातीप्रमाणं लहान करून दाखवते, आमच्यावाल्याचं खरं रिझोल्यूशन १२८० बाय ७२० निंघालं. लुमेनचंही (उजेड किती फेकते त्याचं माप) तेच, आकडा वाट्टेल तो छापतात, पाह्याचा तो ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला एएनएसआय लुमेनचा आकडा अन् तो डब्ब्यावर नसला तं समजून जाचं.

पण ह्या गोष्टीचा मले एवढा राग नाई. राग कशाचा आहे ते सांगतो.

३१ ऑक्टोबरले मुहूर्त केला. सोयाबीन निंघून गेलं होतं, गोठ्याच्या भितीले दसऱ्याचा चुना ताजा होता, अन् मास्तरनं लावला १९७८ चा हॅलोविन, जॉन कार्पेंटरचा. पांढरा मुखवटा घातलेला मानूस अंधारात हुभा असते अन् आपल्याले दिसते पण पोरीले दिसत नाई, सगळी मजा त्या अंधाराची. अन् आमच्या भितीवर अंधारच नाई! काळ्याच्या जागी राखुंडीवानी करडा रंग, त्यात झाड कोनतं, दार कोनतं, काई समजे ना, फक्त तो पांढरा मुखवटा दिसे, तोही उकडलेल्या अंड्यावानी हवेत तरंगत. आमचा ट्रॅक्टरवाला म्हणे, "हा मानूस आहे का झाडाले लटकून असलेली पिशवी?" अन् वरून सोयाबीनच्या मळणीची धूळ प्रोजेक्टरच्या आत गेलती, तिचे तीन ठिपके पडद्यावर, उजेडाच्या सीनमधी नाई दिसत पण सीन काळा झाला की बरोबर दिसतात. माह्या चुलतभावाले अर्धा घंटा वाटत होतं की तेच भूत आहे अन् त्याची शेवटी काईतरी स्टोरी निंघन.

मास्तर मंग गोष्टी सांगून वेळ मारून नेत होते. मुखवटा म्हणे असाच बाजारातून आणला होता, अंतराळाच्या एका सिरीयलमधल्या कॅप्टनचा, त्याले पांढरा रंग मारून देला. शूटिंग झालं वसंतात, कॅलिफोर्नियात, अन् दाखवाची होती पानगळ, म्हणून कागदाचे पानं रंगवून रस्त्यावर फेकत अन् सीन झाला की तेच पानं गोळा करून दुसऱ्या सीनले वापरत. हे ऐकून आबाजीले त्या लोकायबद्दल एकदम इज्जत वाटाले लागली. "काटकसरीचे लोकं आहेत," म्हणे, अन् झोपले.

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरले फोन केला की काळा रंग काळा दिसत नाई. तो पोरगा म्हणे सर, रूममधी अंधार करून पाहा. अबे, मी वावरात आहो, अमावस्या आठ दिवसावर आहे, गावची लाईट बंद आहे, याच्याहून जास्त अंधार कुठून आणू! नंतर स्वतःच वाचून काढलं तवा समजलं की दोष ह्या एका पीसचा नाई. ह्या स्वस्तातल्या एलसीडी प्रोजेक्टरमधी मागचा एलईडी दिवा सदानकदा जळतच राह्यते, पिक्चरमधी रात्र असो का दुपार. काळं दाखवाचं म्हणजे समोरची काच तो उजेड अडवते, अन् ही काच पूरा उजेड काई अडवत नाई, झिरपते. पोत्याचा पडदा लावून दुपारी झोपल्यावानी. म्हणून काळं कधीच काळं होत नाई.

आता इथूनच खरा रिव्ह्यू चालू होते. नोव्हेंबरभर तो डब्बा कपाटावर पडून होता, माह्या बायकोनं दोनदा इचारलं की साडेसात हजाराचं ते काय आहे. डिसेंबरात मास्तर म्हणे एक बर्फाचा पिक्चर लावून पाहू. लावला रेअर एक्सपोर्ट्स, २०१० चा, फिनलंडचा. अन् बाप्पा, काय दिसला! बर्फच बर्फ, पांढरी जमीन, पांढरं आभाळ, अन् आमची पांढरी भित, प्रोजेक्टरले करावं काय लागते तं फक्त उजेड फेकाचा, अन् तेवढं त्याले बरोबर येते. तवापासून आमचा नियम झाला: हॅलोविनवाले पिक्चर मोबाईलवर, नाताळवाले भितीवर. कोनी मले इचारलं की हा प्रोजेक्टर हॉररले चालते का, तं मी पैले इचारतो, बर्फ आहे का त्यात?

त्या पिक्चरची गोष्ट अशी की लॅपलँडात डोंगर खोदून रायले अन् आत असली सांताक्लॉज गाडून आहे, तो आपल्या जाहिरातीतला गुबगुबीत म्हतारा नाई, पोट्ट्याले फोडून काढणारा जुना सांता. त्याचं पुढं काय होते ते सांगत नाई, पाहा. पण आमाले लागलं ते वेगळंच. तिथले लोकं रेनडिअर पाळून पोट भरतात, वर्षातून एकदा कळप गोळा कराले जातात अन् पाहतात तं कुंपनाच्या पलीकडं सगळे जनावरं मरून पडले. पूरा वर्षाचा पैसा बर्फात पडून. ह्या सीनले आमच्याकडं कोनी बोललंच नाई. मांग बोरच्या जंगलाकडून वाघ आलता तवा आमच्या शेजाऱ्याची कालवड गेली, अन् डुकरानं तं दरसाल कोनाचं ना कोनाचं वावर उलटंपालटं केलेलंच असते. मंग आबाजी अंधारातून म्हणे, "पंचनाम्याले कोनी आलं का त्यायच्याकडं?" तिथून जी चर्चा लागली ती पिक्चर पॉज करून पाऊण घंटा, नुकसानभरपाई किती भेटते, फोटो कसे काढाचे, तक्रार किती दिवसात द्या लागते. दीड तासाच्या आतला पिक्चर आमी अडीच घंट्यात पाह्यला. अन् बर्फाचं तं काय सांगू, चुलतभाऊ म्हणे हा एवढा कापूस कोन वेचन? वेचणीची मजुरी आठवून सगळे हासले पण जरा जपूनच.

अजून एक फायदा, पिक्चर फिनिश भाषेतला, सबटायटल इंग्रजी. इंग्रजी पिक्चरले मास्तर अन् माहा भाचा हसत अन् बाकीचे त्यायच्या तोंडाकडं पाहत. फिनिशले सगळेच सारखे अडाणी, मास्तर वाचून दाखवत अन् बाकी सगळे मिळून अंदाज लावत.

दुसरा जमला तो क्रॅम्पस, २०१५ चा, यातही पूरं बर्फाचं वादळ. क्रॅम्पस हा काई पिक्चरवाल्यायनं पैदा केला नाई, ऑस्ट्रिया अन् बव्हेरियाकडचा जुना प्रकार आहे, बकरीचे शिंगं, साखळ्या, हातात फोक, संत निकोलस चांगल्या पोट्ट्याले खाऊ देते अन् हा वांड पोट्ट्याले झोडपते. ५ डिसेंबरच्या रात्री लोकं तिथं लाकडाचे मुखवटे अन् घंट्या घालून रस्त्यानं निंघतात. हे ऐकलं अन् आमचा ट्रॅक्टरवाला म्हणे मंग हे तं मारबतच झालं ना! अन् खरंच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत, पिवळी मारबत (बाईचे मोठाले पुतळे) अन् बडगे (मानसाचे पुतळे) निंघतात, आमी लहानपणी गावात सकाळी उठून "खोकला, खरूज, ढेकून घेऊन जा गे मारबत" म्हणून बोंबलत शिवेपर्यंत जात होतो, तेव्हा मले तिचं लय भेव लागे. फरक मास्तरनं बरोबर पकडला. क्रॅम्पस पोट्ट्याले धरून नेते, मारबत गावातली पीडा नेते, म्हणजे आपली बाई कामाची आहे. यावर आमचं अजून भांडण चालू आहे की मारबतीवर हॉरर बनला तं तिले वाईट दाखवाव का नाई. काकाजी म्हणतात जिले गावाबाहेर नेऊन जाळता ते कधी ना कधी हिशोब मांगाले येइनच. हे वाक्य त्यायनं रात्री एक वाजता म्हटलं, मले घरी एकटं जाचं होतं.

ह्या पिक्चरमधी पूऱ्या मोहल्ल्याची लाईट जाते अन् ते लोकं घाबरतात. आमच्याकडं कोनीच घाबरलं नाई. "डीपी जळाली असन, आता पंधरा दिवस." पण त्याच्यानंतर आमची बकरी खुट्ट्यावरून सुटून प्रोजेक्टरच्या समोरून गेली अन् भितीवर आठ फुटाचे दोन शिंगं हुभे झाले, बरोबर त्याच टायमाले, तवा मात्र ट्रॅक्टरवाला जो उठून पळाला तो बोअरपर्यंत. त्या रात्रीचे पाच पैकी पाच स्टार, पण ते बकरीचे आहेत.

आवाज: आतला स्पीकर भजी तळल्यावानी वाजते, फॅनचा घुंघाट त्याच्याहून मोठा. म्हणून भजनी मंडळाचा ब्लूटूथ स्पीकर लावला, आवाज दणक्यात, पण चित्राच्या मांगून येते. बाई तोंड मिटून चुकते अन् मंग किंचाळी ऐकू येते. भेव राह्यलं बाजूले, सगळे हासत. साधी ऑक्स केबल टाकली तवा जमलं, तुमीही केबलच वापरा. केबल टाकून मंग १९७४ चा ब्लॅक ख्रिसमस पाह्यला, बॉब क्लार्कचा. हा सगळा घरातल्या अंधाराचा, म्हणून चित्र नापास, पण पोरींच्या होस्टेलवर घाणेरडे फोन येतात त्या आवाजानंच काम भागवलं. अन् आमचे काकाजी दूरसंचारमधून रिटायर. पोलीस तो फोन कुठून येते हे शोधतात तवा एक्सचेंजमधला मानूस रॅकच्या रांगांतून अक्षरशः पळत पळत लाईन शोधते, काकाजी उठून हुभे राह्यले, "असंच! असंच करत होतो आमी!" त्यायले खुनी कोन याच्याशी घेनदेन नाई, लाईन सापडली का एवढंच. ह्याच दिग्दर्शकानं पुढं १९८३ मधी नाताळाचाच एक घरगुती, हसऱ्या टाईपचा पिक्चर काढला हे मास्तरनं सांगतलं तं कोनाले खरं वाटे ना.

ग्रेमलिन्स बी पाह्यला, १९८४ चा, नाताळाचा पिक्चर पण अमेरिकेत रिलीज झाला जूनमधी, म्हणजे आपल्या पेरणीच्या टायमाले. त्यातल्या लहानशा जनावराले पाणी लागू देऊ नका अन् रात्री बारानंतर खाऊ घालू नका, असे नियम. आमी रात्री बारानंतर दोन्हीच कामं करतो, हरभऱ्याले पाणी देतो अन् उकडलेल्या तुरीच्या शेंगा खातो. बरा आहे, लहान पोट्टे असले तं हाच लावा. त्याच सालचा तो कुऱ्हाडवाल्या सांताचा पिक्चर, सायलेंट नाईट डेडली नाईट, मात्र आमाले पचला नाई, तिकडंही टीव्हीवर जाहिरात पाहून आईबापायनं थेटरासमोर मोर्चे काढले होते अन् पिक्चर उतरवा लागला होता. मोर्चाची गोष्ट पिक्चरपेक्षा चांगली आहे.

लाईटीचं सांगाचं राह्यलं. प्रोजेक्टर ६५ वॅट खाते. वावरातल्या लाईनीचा भरोसा नाई म्हणून ट्रॅक्टरची १२ व्होल्ट ८८ अँपिअर-अवरची बॅटरी अन् लहान इन्व्हर्टर, त्यावर दोन पिक्चर आरामात निंघतात, तिसरा लावू नका नाईतं सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाई अन् ट्रॅक्टरवाला मंग चार दिवस बोलत नाई. फवारणीच्या पंपाची बॅटरी लावून पाह्यली, क्लायमॅक्सच्या आधी गेली. बारा वाजल्यावर दव पडते अन् लेन्सवर धुई धरते, आमी वरून टोपलं झाकतो, समोरून उघडं ठेवून, पण मांगची हवा अडली तं तापते अन् फोकस हालते, म्हणून दर अर्ध्या घंट्यानं एकानं उठून ते गोल चाक फिरवाचं. त्याची पाळी लावून आहे. पोळ्याच्या दिवसात, पावसाळ्यात, बाहेर लावूच नका, उजेडावर एवढे पाखरं येतात की पिक्चर कमी अन् पाखरं जास्त.

तं घ्याचा का नाई? ज्याले बंद खोलीत काळे पिक्चर पाह्याचे आहेत त्यानं घेऊ नाई, त्या पैशात जुना टीव्ही पाहाव. आमच्यावानी चुन्याची भित, सहा रिकामे मानसं अन् रातपाळीची लाईन असन तं घ्या, फक्त सोयाबीनच्या दिवसात पोत्यात बांधून ठेवा. पाच पैकी तीन स्टार, एक ४केच्या थापेचा कापला अन् एक त्या "रूममधी अंधार करा"चा. या आठवड्यात लाईन दिवसाची आहे म्हणून बंद आहे, सोमवारपासून रातची. मास्तरनं आणखी एक बर्फाचा शोधून ठेवला म्हणे. बकरी आता दोन दाव्यानं बांधतो.