जुन्या शिडाच्या बोटीच्या तारा: दाबलेलं टोक की पेचाचं?
आम्ही बडोद्याचे, बोट मुंबईला. त्यामुळे डोलकाठीला ताठ धरणाऱ्या तारा बदलताना त्यांची टोकं (तारेच्या शेवटी बसवायचे, ती बोटीला जोडणारे धातूचे तुकडे) कुठली घ्यायची हे निघण्याआधीच ठरवावं लागतं.

मशीनवर दाबून बसवलेलं टोक हलकं, स्वस्त, सुबक. पण ते पुन्हा उघडत नाही. लांबी कमी पडली की तार वाया. शिवाय खालच्या टोकात खारं पाणी मुरतं, आतून गंज धरतो आणि नळीला बारीक उभी चीर जाते. ती नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांत वेल्डिंग तपासायला वापरतात तोच, चिरेत मुरणारा लाल डाय (रंग) मारा, थोडं थांबून पुसा, वर पांढरा डेव्हलपर (मुरलेला रंग बाहेर ओढणारी पूड) फवारा. चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. तार टोकात शिरते तिथे कापसाचा बोळाही फिरवा. तुटलेला पदर कापूस धरतो.

पेचाचं टोक जड आणि महाग. मात्र ते बोटीवरच, पान्यांनी बसतं: १९ पदरी तारेचे बाहेरचे १२ पदर उकलायचे, गाभ्यावर शंकू सरकवायचा, आवळायचं. पुढे उघडून आत बघताही येतं.

मी वरची टोकं दाबलेली आणि खालची पेचाची घेईन, म्हणजे नेमकी लांबी जागेवर कापता येते. आणि खाऱ्या पाण्यात १५ वर्षं काढलेल्या तारा सगळ्या एकदम बदला, एखादीच नको.