फ्रान्सच्या लांब प्रवासाला सिट्रोएन टू सीव्ही: बेळगावच्या फियाटवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, अजून जीव लावून सांभाळणारी मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला फ्रान्समध्ये जुनी गाडी भाड्याने घेऊन आठ-दहा दिवस फिरायचं असेल, तर सिट्रोएन कंपनीची छोटी टू सीव्हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र टोलचा ऑटोरूट, म्हणजे तिथला द्रुतगती महामार्ग, टाळायचा. तिथे ताशी 130 किलोमीटरची मर्यादा आहे आणि ही गाडी सपाटीला जेमतेम 110-115 जाते. ट्रकच्या झोतात तिचं हलकं अंग हेलकावतं आणि इंजिनही विनाकारण तापतं. ‘डी’ क्रमांकाच्या जिल्हा रस्त्यांवर 80 ची मर्यादा असते, काही जिल्ह्यांत 90. तिथे ती दिवसभर मजेत धावते. दिवसाला 200 ते 250 किलोमीटर धरा, त्यापेक्षा जास्त नको.

ही गाडी 1948 ला पॅरिसच्या प्रदर्शनात आली आणि 1990 पर्यंत बनत राहिली. सुरुवातीचं 375 सीसीचं मॉडेल बघायला देखणं, पण प्रवासाला घेऊ नका. 602 सीसी, 29 हॉर्सपॉवरचं, 1981 नंतरचं, पुढे डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल मागा. लिटरला साधारण 16 किलोमीटर देतं.

आपल्याकडच्या हाताला सर्वात आधी खटकतो तो गियर. दांडा डॅशबोर्डमधून सरळ बाहेर येतो, छत्रीच्या मुठीसारखा. डावीकडे वळवून ओढला की पहिला, तिथूनच पुढे ढकलला की रिव्हर्स. मधल्या रांगेत पुढे दुसरा, मागे तिसरा. उजवीकडे वळवून पुढे चौथा. म्हणजे सिग्नलला घाईत पहिल्याऐवजी रिव्हर्स पडू शकतो. गाडी ताब्यात घेतल्यावर मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव करूनच रस्त्यावर निघा. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून. पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गियर चालवलेल्यांना हे लवकर जमतं.

इंजिनला रेडिएटरच नाही. चोर्ला घाटात पद्मिनीचं पाणी उकळतं, तो प्रकार इथे नाही. पण हवेवर थंड होणारं इंजिन म्हणजे हवेची वाट मोकळी हवी. पुढच्या जाळीवर थंडीसाठी एक प्लास्टिकचं झाकण लावतात, ते उन्हाळ्यात काढलंय ना ते बघा. पंख्यामागच्या ऑइल कूलरमध्ये पालापाचोळा, किडे अडकतात आणि तेल तापून पातळ होतं. रोज सकाळी, इंजिन गार असताना, सपाट जागी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघायचीच. क्रँककेसमध्ये जेमतेम अडीच लिटर तेल मावतं, म्हणून अर्धा लिटर कमी झालं तरी मोठा फरक पडतो. 20डब्ल्यू50 चा एक डबा सोबत असू द्या. पुढच्या किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस कधी मारलं होतं, हेही विचारा. दर हजार किलोमीटरला मारावं लागतं. न मारल्यास स्टिअरिंग जड होतं आणि पिन झिजते.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, ब्रेक ऑइल. डिस्क ब्रेकच्या टू सीव्हीला एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल लागतं. सवयीने कुणी डॉट 3 किंवा डॉट 4, म्हणजे इतर गाड्यांचं नेहमीचं ब्रेक ऑइल, ओतेल. ते पडलं की सील खराब होतात आणि ब्रेक हातचे जातात. त्यात अर्धा कपसुद्धा दुसरं काही पडू देऊ नका. टाकीवर काय लिहिलंय ते वाचा. पुढच्या डिस्क चाकात नाहीत, आत गिअरबॉक्सजवळ आहेत, आणि हँडब्रेकही पुढच्याच चाकांना लागतो. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दुसरा गियर टाका.

पेट्रोल भरताना पंपावर ‘ई5’ (कमी इथेनॉलचं) बघा. सहसा ते एसपी98, म्हणजे 98 ऑक्टेनचं पेट्रोल असतं. जास्त इथेनॉलचं ‘ई10’ स्वस्त असलं तरी जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही. गावातले कितीतरी पंप बिनमाणसाचे असतात, तिथे फक्त चिप आणि पिनचं कार्ड चालतं. निघण्याआधी बँकेकडून परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. टाकी लहान आहे, अर्धी झाली की भरा. रविवारी आणि दुपारी बारा ते दोन गावातली गॅरेजं बंद, हे गृहीत धरा.

गाडी गरम झाली की बंद पडते आणि वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होते, असं झालं तर संशय ठिणगीच्या यंत्रणेतल्या कंडेन्सरवर घ्या, किंवा पेट्रोलची वाफ पंपात अडकली असेल. त्याच यंत्रणेतले कॉन्टॅक्ट पॉइंट पंख्यामागे आहेत, म्हणून रस्त्यात उघडायचं काम सोपं नाही. भाड्याच्या करारात फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर) उचलून नेण्याची सोय लेखी घ्या. ऑटोरूटवर बंद पडली तर नारिंगी फोनच्या खांबावरून किंवा 112 वर फोन करून मदत मागवावी लागते, ओळखीचा मेकॅनिक चालत नाही. रिफ्लेक्टर जॅकेट हाताशी, सीटजवळ हवं, डिकीत नको. त्रिकोणही लागतो.

आल्प्समधला इझरान घाट 2,764 मीटरवर आहे. विरळ हवेत इंजिनची साधारण पाव ताकद जाते, म्हणजे 29 मधली बावीसच उरतात. दोघं आणि दोन मऊ बॅगा असतील तर दुसऱ्या गियरवर चढते. हा घाट सहसा जूनपर्यंत बर्फाने बंद असतो.

मागे वजन पडलं की नाक वर उचलतं आणि हेडलाइट झाडांवर पडतो. त्यासाठी डॅशखाली एक बटण आहे, ते फिरवून दिवे खाली करता येतात. समोरून येणारा लाइट मारू लागला की आधी ते तपासा.

खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर तुमचा हक्क. बेळगाव आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढा. तो वर्षभर चालतो आणि मूळ लायसन्सही सोबत लागतं.

चार मोठी माणसं आणि चार सूटकेस असतील, तर ही गाडी घेऊ नका. दोघांसाठी मात्र छत गुंडाळून, उकाड्यात लॅव्हेंडरच्या भागातून फिरायला हिच्या तोडीची गाडी नाही.