‘फुल सर्व्हिस’चं बिल, आत मात्र जुनंच तेल

महागड्या मेकॅनिकल घड्याळात पार्ट चोरीला जाण्याची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात जास्त फसवणूक होते ती न केलेल्या कामाचे पैसे घेऊन. घड्याळ दिवसाला 20-25 सेकंद मागे पडतंय म्हणून दिलं, की मागचं झाकण उघडून रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी छोटी तरफ) किंचित सरकवतात, केसला बफिंग मारतात आणि फुल सर्व्हिसचं बिल हातात देतात. वेळ अचूक, केस चकाचक, मग शंका कशाला येईल? आत तेल सुकलेलंच राहतं आणि चाकांचे पिव्हट (आसांची टोकं) झिजत जातात.

उलटा प्रकारही आहे. घड्याळ एकाएकी मिनिटांनी पुढे पळायला लागलं, तर बहुधा हेअरस्प्रिंगला (आतल्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलेलं असतं. डिमॅग्नेटायझर या चुंबकत्व घालवणाऱ्या उपकरणावर ते काही सेकंदांत जातं. त्यासाठीही सर्रास पूर्ण सर्व्हिसचे पैसे उकळतात.

खरी सर्व्हिस म्हणजे मशीन सुटं करणं, अल्ट्रासोनिकमध्ये धुणं, झिजलेले पार्ट आणि सहसा मेनस्प्रिंगही (चावीची मुख्य स्प्रिंग) बदलणं, मग जागेनुसार वेगळं तेल. पॅलेटच्या (टिकटिक करणाऱ्या काट्याच्या) खड्यांना मोबियस कंपनीचं 9415, ऑटोमॅटिकच्या बॅरलच्या (मेनस्प्रिंगच्या डबीच्या) भिंतीला 8217 सारखं ग्रीस. एकच तेल सगळीकडे चालत नाही.

वेळ बरोबर दाखवणं हा सर्व्हिसचा पुरावा नव्हे, अँप्लिट्यूड बघा, म्हणजे आतलं डोलणारं बॅलन्स व्हील मध्यापासून किती अंश फिरतं ते. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून, बहुतेक आधुनिक मशीनमध्ये तो 270 ते 310 अंश हवा. उभ्या स्थितीत थोडा कमी येणारच. 24 तासांनी 200 च्या खाली गेला, तर काम झालेलं नाही असंच धरा. टाइमग्राफरचं (टिकटिक ऐकून हे मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग सर्व्हिसच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मागा. नुसतं नंतरचं फारसं कामाचं नाही.

या रीडिंगमध्येही हातचलाखी होते. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (धक्का मिळताना बॅलन्स व्हील जितकं फिरतं तो कोन) भरावा लागतो, आणि तो कॅलिबरप्रमाणे, म्हणजे मशीनच्या मॉडेलप्रमाणे बदलतो: रोलेक्स 3135 ला 52 अंश, ईटीए 2824-2 ला 50, ओमेगा 2500 ला 38. ओमेगा 2500 मोजताना टाइमग्राफरवर 52 ठेवलं, तर खरा 220 चा अँप्लिट्यूड 300 च्या आसपास दिसतो! म्हणून रीडिंगच्या फोटोत लिफ्ट अँगलचा आकडाही दिसायला हवा.

घड्याळ देताना डायल, काटे, क्राउन (चावीची गुंडी) आणि लग्जच्या (पट्टा जोडायच्या शिंगांच्या) कडांचे जवळून फोटो काढा, शक्य असल्यास झाकण उघडून मशीनचाही. पावतीवर सिरियल नंबर, ‘जुने पार्ट परत’ आणि ‘पॉलिश नको’ हे आधीच लिहून घ्या. अधिकृत केंद्रं बऱ्याचदा जुने पार्ट ठेवून घेतात, तेही तेव्हाच विचारा. बरेच ब्रँड सुटे पार्ट बाहेर विकत नाहीत, त्यामुळे ‘ओरिजिनल क्राउन बसवला’ असं कोणी म्हटलं तर तो आणला कुठून, हे विचारायला लाजू नका.

परत घेताना मशीन दाखवायला सांगा. स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या असतील किंवा खड्यांभोवती तेल पसरलेलं असेल, तर पैसे देण्याआधी बोला. पॉलिशने गेलेली लगची धार मात्र सहजी परत येत नाही. लेझर वेल्डिंगने धातू भरावा लागतो, आणि ते काम मोजक्याच ठिकाणी नीट होतं.