आधी क्लॅम्प, मग बॅटरी: यूटी२१०ई मीटर आणि जोडीला २१ वॅटचा दिवा

पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी चवथीला चावी फिरवल्यावर नुसती टकटक करते, तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, आठ दिवसांत तीही उतरते आणि मग संशय अल्टरनेटरवर जातो. गाडी बंद असताना करंट किती जातोय आणि कुठून जातोय, हे मात्र कोणी मोजलेलं नसतं. मोजायला तासभर पुरतो. त्यासाठी डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट मिलीअँपिअरपर्यंत दाखवणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा) हवा. युनि-टीचा यूटी२१०ई हा तळहातात मावणारा मीटर त्याच कामाचा आहे. त्याची खरी मदत कुठे होते, तो कुठे फसवतो आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत त्याच्यासोबत आणखी काय लागतं, ते पाहू.

खरेदी करताना नावातलं शेवटचं अक्षर तपासा. पणजी, म्हापसा, मडगावच्या इलेक्ट्रिकल दुकानांत ‘क्लॅम्प मीटर’ मागितला की बहुतेक वेळा घरच्या वायरिंगचा, फक्त एसी मोजणारा मीटर पुढे येतो. गाडीच्या वायरवर तो शून्यच दाखवणार. याच मालिकेतला ‘ए’ फक्त एसी करंट मोजतो. ‘डी’ डीसी मोजतो, पण त्याची सर्वांत लहान रेंज २० अँपिअरची, म्हणजे आकडा १० मिलीअँपिअरच्या टप्प्यांनी हलतो. ‘ई’मध्ये २, २० आणि १०० अँपिअर अशा तीन रेंज आहेत आणि २ अँपिअरवर तो एकेक मिलीअँपिअर दाखवतो. गाडीसाठी पैसे द्यायचे ते या २ अँपिअरच्या रेंजचे. जबडा १७ मिलिमीटर उघडतो, लहान गाडीची बॅटरी केबल त्यात आरामात बसते.

मिलीअँपिअरचा एवढा बाऊ कशाला, हे एका हिशेबात कळतं. लहान हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरा. घड्याळ, अलार्म, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी यांना मिळून ३० ते ५० मिलीअँपिअर जाणं रीतसर आहे. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. जून ते सप्टेंबर गाडी हलली नाही, तर काहीही बिघाड नसताना बॅटरी झोपणार. मालक जहाजावर असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवणं हाच त्यावर उपाय, दुरुस्ती कसलीच नको. पण डिकीतला ५ वॅटचा दिवा आत जळत राहिला तर ४०० मिलीअँपिअर जातात, दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. मग तिसऱ्या दिवशीच स्टार्टर रडतो. दिवा आत जळतोय का हे पाहायला मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. मीटर त्यानंतर.

आता मोजणी. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच पेचकसाने दाबून बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. ड्रायव्हरच्या दाराचंही तसंच करा. काच खाली असू द्या. बटणाने सुरू होणारी कीलेस गाडी असेल तर चावी घरात लांब नेऊन ठेवा, खिशात राहिली तर गाडीची इलेक्ट्रॉनिक्स झोपतच नाही. क्लॅम्प निगेटिव्ह केबलवर लावायचा. टर्मिनलवर बॉडीची आणि इंजिनची अशा दोन केबल असतील तर दोन्ही एकदम जबड्यात घ्या. सुरुवातीला एखाद-दोन अँपिअर दिसतील, तो दोष नव्हे. ईसीयू आणि बाकीची मॉड्यूलं टप्प्याटप्प्याने झोपतात, त्याला गाडीप्रमाणे १० मिनिटं ते अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर मीटर स्वतःच बंद होतो, हा त्याचा पहिला त्रास. सिलेक्टचं बटण दाबून धरत डायल फिरवला तर ते टळतं.

दुसरा त्रास जास्त खोलातला आहे आणि ‘हा मीटर खोटं बोलतो’ ही तक्रार त्यातूनच येते. डीसी क्लॅम्पमध्ये हॉल सेन्सर असतो, तो चुंबकीय क्षेत्र मोजतो. मग त्याला पृथ्वीचं क्षेत्रही दिसतं आणि शेजारच्या स्पीकरचंही. रिकामा जबडा मिटून शून्य केलेला मीटर मनगटात फिरवला, तर वायर नसतानाही आकडा काही मिलीअँपिअरपासून दहा-वीसपर्यंत सरकतो. म्हणून शून्य टेबलावर करू नका. केबलच्या अगदी शेजारी, ज्या दिशेत लावायचा त्याच दिशेत जबडा मिटून धरा आणि झिरो दाबा. तसाच सरकवून केबलवर घ्या. वाचन झालं की काढून परत त्याच जागी धरून बघा. ८ मिलीअँपिअर उरले असतील तर वाचनातून ८ वजा करा. मोठा करंट मोजून लगेच लहान रेंजवर आलात तर गाभ्यात थोडं चुंबकत्व उरतं, तेव्हाही शून्य पुन्हा करायचं. एवढं पाळलं तर ५० आणि ३०० मिलीअँपिअर यांतला फरक हा मीटर बिनचूक सांगतो. ३ आणि ७ मधला फरक त्याला विचारू नये.

क्लॅम्पचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी सोडवावी लागत नाही. मल्टिमीटर सीरिजमध्ये लावायचा तर केबल काढावी लागते. केबल निघाली की अडकून जागं राहिलेलं मॉड्यूल रीसेट होतं आणि चोर पळून जातो. शिवाय मीटर जोडलेला असताना कोणी दार उघडलं आणि चावी फिरवली, की १० अँपिअरचा फ्यूज उडालाच.

करंट जास्त निघाला तर फ्यूज एकेक उपटत बसू नका, परत लावताना मॉड्यूलं पुन्हा जागी होतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलीव्होल्ट मोजा. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण ७.५ मिलीओम असतो, म्हणजे २ मिलीव्होल्ट दिसले तर त्या वाटेने सुमारे २७० मिलीअँपिअर जाताहेत. सगळ्या फ्यूजवर शून्य आणि क्लॅम्पवर मात्र ३००? मग करंट फ्यूजबॉक्समधून जातच नाही. थेट बॅटरीवरून घेतलेला स्टीरिओ, रिव्हर्स कॅमेरा, भाड्याच्या गाडीत बसवलेला ट्रॅकर यांच्या वायरी एकेक करून क्लॅम्पमध्ये घ्या. शेवटी अल्टरनेटरची जाड वायर. इंजिन बंद असताना तिच्यात शेकडो मिलीअँपिअर दिसले तर आतला डायोड गळतोय.

स्टार्टरचा करंट यावर मोजता येत नाही. लहान गाडीचा स्टार्टरही १०० अँपिअरच्या वर सहज जातो. पण स्टार्टर तपासायला करंट लागतोच असं नाही. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज ९.६ व्होल्टच्या खाली जात नसेल तर बॅटरी ठीक आहे. मग स्टार्टर फिरत असतानाच निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनचा धातू यांमधला व्होल्टेज मोजा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिनची अर्थ केबल (निगेटिव्हला जोडणारी) बाद.

इथून पुढचा भाग गोव्याचा, आणि तो क्लॅम्पचा नव्हे. मोरजी, कळंगुट, वास्को पट्ट्यात किंवा रोज फेरीबोटीवर चढणाऱ्या गाडीत निम्मं दुखणं अर्थच्या बोल्टखाली असतं. तांब्याची लग (वायरच्या टोकाची कडी), लोखंडी बॉडी आणि मधे मिठाचं ओलं पाणी, म्हणजे तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ती लोखंड खाते. पाणी वायरच्या आवरणाखालीही चढतं, तांबं हिरवं नाहीतर काळं पडतं, बाहेरून वायर मात्र नवी दिसते. अशा ठिकाणी मीटरची कंटिन्युटीची (वायर अखंड असल्याची) शिट्टी ऐकून ‘वायर बरोबर’ म्हणणारा मेकॅनिक चुकत नाही, पण त्याने प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. एकच तंतू शाबूत असला तरी शिट्टी वाजते. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम, त्यातून जाणारा करंट नगण्य. त्यामुळे त्या एका तंतूवरही १२.४ व्होल्ट दिमाखात दिसतात.

म्हणून मीटरच्या शेजारी एक दिवा हवा. दुकानात मिळणारा एलईडीचा टेस्टर नको, तो त्याच एका तंतूवर लख्ख पेटतो. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दीड मीटर वायर, एका टोकाला मगरचाप, दुसऱ्याला टोकदार सळई. हा दिवा पावणेदोन अँपिअर ओढतो. सडलेल्या वायरवर तो मंद होतो किंवा पेटतच नाही, आणि तेच उत्तर. फ्यूज सारखा उडत असेल तर फ्यूजच्या जागी हाच दिवा जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण पेटलेला राहील. त्या लाइनवरचे कनेक्टर एकेक सोडवत जा, ज्याला दिवा विझला त्याच्या पुढे शॉर्ट. दहा फ्यूज जाळण्यापेक्षा हे बरं. मात्र ईसीयूच्या वायरी, ५ व्होल्टचे सेन्सर आणि एअरबॅगचे पिवळे कनेक्टर यांना हा दिवा लावायचा नाही.

दिव्याने जागा सापडली की आकडा मीटरने काढायचा, आणि तोही लोड चालू ठेवून. हेडलाइट पेटवा. मीटरची लाल सळई बल्बच्या अर्थ पिनवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. समजा १.२ व्होल्ट आले. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे त्या बोल्टपाशी सुमारे ०.२७ ओम बसलाय. मीटरच्या ओम रेंजवर तो कधी सापडणार नाही, कारण दोन सळया एकमेकींना टेकवल्या तरी ०.२-०.३ दिसतातच. पण एवढ्याशा ओममुळे उजेड पाव हिश्श्याहून जास्त घटतो आणि साडेपाच वॅट उष्णता त्या सांध्यात मुरते. कनेक्टर वितळतो तो त्यामुळे. लोक मात्र जास्त वॅटचा बल्ब बसवतात, मग वितळण्याचं काम लवकर होतं.

खात्री करायची तर निगेटिव्ह टर्मिनलवरून एक जाड वायर थेट बल्बच्या अर्थला टेकवा. उजेड उसळला की निदान झालं. बोल्ट काढून बॉडी आणि लग दोन्ही चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, दात असलेला वॉशर घालून आवळा आणि पेट्रोलियम जेली त्यानंतर वरून फासा. आधी नको.

मीटरसोबत आलेल्या सळया जाड आहेत, कनेक्टरच्या पाठून आत जात नाहीत. बारीक टाचणी मगरचापात धरून काम भागतं. वायरच्या आवरणाला भोक पाडायची सवय इथे महागात पडते, एका पावसात त्याच भोकातून हिरवा रंग सुरू होतो. पाडलंच तर नेलपॉलिशचे दोन थेंब लावा.

स्कूटर ही या मीटरची कमजोर बाजू. ३ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ५ मिलीअँपिअरची गळतीही पंचवीस दिवसांत संपवते, आणि ५ मिलीअँपिअर तर क्लॅम्पच्या गडबडीतच बुडून जातात. त्यावर युक्ती अशी: बारीक वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे, मधे २ अँपिअरचा फ्यूज टाकायचा आणि ही वायर बॅटरीच्या निगेटिव्हला सीरिजमध्ये जोडायची. मीटरवर ५० दिसले तर खरा करंट ५. सेल्फचं बटण या अवस्थेत दाबायचं नाही.

कॅन लाइनसाठी (गाडीतल्या मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींसाठी) क्लॅम्प निरुपयोगी, पण याच मीटरची ओम रेंज पुरते. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या जागेच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओम यायला हवेत. १२० आले तर टोकाचा एक रोध सुटलाय, शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी चिकटल्यात.

मीटरमध्ये ट्रिपल ए आकाराचे दोन सेल लागतात. पावसात मीटर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये पडून राहिला तर ते गळतात आणि आतल्या पत्र्याची गत अर्थच्या बोल्टसारखी होते. जूनमध्ये सेल काढून मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.