आमचा महिला बचत गट : आठ वर्षांच्या व्यवहाराचा अनुभव

माण तालुक्यातील आमच्या गावात दर महिन्याच्या 5 तारखेला मारुतीच्या देवळात सतरंजी पसरून गटाची लोखंडी पेटी उघडली जाते. आम्ही बारा जणी प्रत्येकी 200 रुपये बचत भरतो आणि ज्यांनी कर्ज घेतले आहे त्यांचा हप्ता सर्वांसमक्ष जमा होतो. बँकेची सेवा जशी व्याज, वेळ आणि वागणूक पाहून जोखतात, तशीच या गटाचीही जोखावी, असे मला वाटते.

गटाचे कर्ज स्वस्त असते, असा व्याजाबाबत अनेकांचा गैरसमज आहे. आमच्या अंतर्गत कर्जाचा दर महिना 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के पडतो, आणि तो काही कमी नाही. गावात वसुलीला येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचा दरही साधारण याच घरात असतो. फरक इतकाच, पण फार मोठा, की आमचे व्याज गावाबाहेर जात नाही. ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा मी 5,000 रुपये उचलले आणि दहा हप्त्यांत फेडले. व्याज शिल्लक मुद्दलावर असल्याने पहिल्या महिन्यात 100, पुढे 90, 80 असे उतरत जाऊन एकूण 550 रुपये झाले, आणि ते गटाच्या निधीत पडल्याने त्यात माझाही वाटा राहिला. शिवाय मागणी मांडल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत अर्धा तासही लागला नाही.

बँकेशी व्यवहार मात्र तितका सुरळीत झाला नाही. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने 1992 मध्ये 500 गटांपासून बँक जोडणीचा, म्हणजे गटांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा, प्रयोग सुरू केला, त्याला तीन दशके उलटली. तरीही आमचे खाते असलेल्या शाखेने पहिल्या कर्जाच्या वेळी गटाची बचत अडकवून ठेवली. वास्तविक गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेता येत नाही आणि बचतीवर बोजाही ठेवता येत नाही. गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी नियमाची प्रत घेऊन तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे ती मोकळी झाली. आता उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे 3 लाखांपर्यंतचे कर्ज वार्षिक 7 टक्क्यांनी मिळते आणि शेळ्या घेण्यासाठी आमच्यातील चौघींनी ते घेतले आहे.

गटाची खरी उणीव हिशोब लेखनात आहे. बचत, बैठक, कर्जवाटप आणि परतफेड ही पंचसूत्रीतील, म्हणजे गट चालवण्याच्या पाच नियमांतील, चार सूत्रे आम्ही कसोशीने पाळली, पण पाचवे, म्हणजे हिशोबाचे, आम्ही एकट्या सचिवावर सोपवून मोकळ्या झालो. ती बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि तीन महिने कोणाच्याही पासबुकात नोंद झाली नाही. रक्कम चुकली नाही, परंतु घराघरांत कुजबुज सुरू झाली आणि दोघी गट सोडण्याच्या विचारात होत्या. त्यानंतर ठराव करून आम्ही आणखी दोघींना खतावणी, म्हणजे हिशोबाची वही, लिहायला शिकवली. आता प्रत्येकीच्या पासबुकात बैठकीतच नोंद होते आणि पेटीतील रोकड मोठ्याने मोजल्याशिवाय कोणीही सतरंजीवरून उठत नाही.