इसबगोल: सात महिन्यांचा अनुभव आणि एका झिपची तक्रार

फेब्रुवारीपासून मी रात्री इसबगोल घेतो आहे आणि त्याच्या गुणाविषयी माझे मत चांगलेच आहे. तरीही आज लिहायला बसलो तो पाकिटाच्या झिपमुळे. पहिली दोन पाकिटे संपल्यावर जूनमध्ये मी मुद्दाम अर्ध्या किलोचे मोठे पाकीट घेतले, कारण शंभर ग्रॅमच्या पाच डब्यांपेक्षा ते स्वस्त पडत होते. जुलैत नाशिकला पावसाची झड लागली, झिप एका टोकाला बसेनाशी झाली आणि आठ-दहा दिवसांत उरलेल्या भुशाच्या गाठी झाल्या.

सुरुवातही वाईटच झाली होती. सातपूरला दिवसभर बैठे काम, पाणी पिण्याचे भान नाही, त्यात शनिवारची मिसळ ठरलेली. त्यामुळे बद्धकोष्ठाचा त्रास जुना. उतावीळपणे मी पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे अर्धा कप पाण्यात घेतले, पोट फुगले आणि हे औषध निरुपयोगी आहे असे मी घरात सांगून टाकले. ते मत चुकीचे होते. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. इसबगोल आतड्याला डिवचत नाही. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून मळ मऊ ठेवते, म्हणून पाणीच कमी पडले तर अडचण वाढते. त्यांच्या सांगण्यावरून चहाचा एकच चमचा पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी लगेच पिऊ लागलो आणि त्यावर आणखी एक पेला पाणी घेऊ लागलो. तिसऱ्या दिवशी फरक पडला. रक्तदाबाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतरही तेव्हापासून ठेवतो, कारण ते औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकते.

आता झिपविषयी. ज्या पदार्थाचा सारा गुण पाणी शोषण्यात आहे, त्याच्या पाकिटात हवेतील ओल शिरत असेल तर तो किरकोळ दोष म्हणता येणार नाही. ग्राहक सेवेला मी तीनदा फोन केला. आधी छायाचित्रे मागितली, मग ‘पाकीट कोरड्या जागी ठेवायला हवे होते’ असे ऐकवले आणि शेवटी खरेदीपासून सात दिवसांची मुदत दाखवून प्रकरण मिटवले. कोरडी जागा आषाढात नाशिकच्या स्वयंपाकघरात कुठून आणायची? सुमारे दोनशे ग्रॅम भुसा फेकावा लागला, कारण गाठी पाण्यात सुटत नाहीत आणि तशाच गिळल्या तर घशात अडकण्याचा धोका असतो. पैसे वाया गेल्याची ती चुटपुट अजून गेलेली नाही.

त्यानंतर नऊ दिवस इसबगोल नव्हतेच. त्या काळात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दुपारी एक पेरू आणि भरपूर पाणी असा क्रम कटाक्षाने ठेवला आणि त्रास जवळजवळ झाला नाही. इसबगोल आता जन्मभर लागणार, हे माझे मत तिथे बदलले. जेवणात चोथा कमी पडतो त्या दिवशीच, म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा, सध्या ते घेतो.

भांडी बाजारातून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणला आहे आणि त्यात कोरडाच चमचा घालतो. दिवाळीपर्यंत मात्र शंभर ग्रॅमचेच डबे घेणार आहे, महाग पडले तरी.